नाण्यावरची चकाकी आणि नाण्यावरचा लेख

आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आज गावोगावी नोकरी-व्यवसायात स्थिरावले आहेत. त्यांच्यापैकी कोणी ना कोणी अधूनमधून मोबाइलवर एखादे छायाचित्र पाठवितो. सोबत एकच ओळ असते : "जय भीम सर, आजीच्या पेटीत हे नाणे सापडले, कोणत्या काळातले आहे?" छायाचित्र उघडून पाहावे तर मधोमध पांढराशुभ्र गोळा, कडेला दोन-चार अर्धवट अक्षरे आणि पाठविणाऱ्याच्या बोटांची सावली. अशा चित्रावरून राजा कोणता हे सांगता येत नाही, कित्येकदा धातूही ओळखता येत नाही. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने इतिहासविषयक लेख मागितला, तेव्हा एखाद्या राजवंशावर लिहिण्याऐवजी हाच विषय घ्यावा असे वाटले. कारण घराघरांतील नाणी आता झपाट्याने नाहीशी होत आहेत. कोणी ती सोनाराकडे मोडतो, कोणी वाटणीत घेऊन जातो, कोणी आठवडी बाजारातील फिरत्या व्यापाऱ्याला देऊन टाकतो. नाणे गेल्यावर मागे उरते ते फक्त छायाचित्र, आणि त्यात लेख वाचता येत नसेल तर काहीच उरले नाही असे समजावे.

छायाचित्राचा एवढा आग्रह का, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे रुप्याच्या नाण्यांचा एक प्रचंड साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक होती आणि ती सर्व क्षहरात क्षत्रप नहपान याची होती. मात्र त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली आढळली. एका बाजूस तीन कमानींची टेकडी, जिला अनेक जुने लेखक चैत्य म्हणत, आणि दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह. नहपानाचा मुखवटा आणि त्याभोवतीची ग्रीक अक्षरे खाली, तर गौतमीपुत्राची टेकडी आणि ब्राह्मी अक्षरे वर. एक राजवट दुसरीच्या उरावर कशी बसली, ते अवघ्या दीड सेंटिमीटरच्या चकतीवर दिसते. गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केला हे त्रिरश्मी लेण्यांतील गौतमी बलश्रीच्या शिलालेखातून कळते. जोगळटेंभीच्या नाण्यांनी त्याला धातूची साक्ष दिली.

आता असे एक नाणे तळहातावर घेऊन त्यावर मोबाइलचा फ्लॅश मारला तर काय होईल? वरचा ठसा चकाकेल आणि त्याखाली दबलेला नहपानाचा कपाळाचा उतार, नाकाची रेषा, पुसट झालेली ग्रीक अक्षरे पूर्णपणे नाहीशी होतील. चित्रात उरेल ते गौतमीपुत्राचे एक साधे नाणे. पुनर्टंकनाचा पुरावाच गेला, म्हणजे इतिहासच गेला. उलट त्याच नाण्यावर डाव्या बाजूने, अगदी खालून तिरपा प्रकाश सोडला, तर खालच्या मुखवट्याच्या कडेला बारीक सावली पडते आणि दोन राजे एकाच वेळी दिसू लागतात.

याच नहपानाचा जावई उषवदात याने त्रिरश्मी लेण्यांत कोरविलेला लेख माझ्या वर्गातील मुलांना फार आवडतो, कारण त्यात गणित आहे. त्याने भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापणे विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवली. त्यांपैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज, आणि त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापणे. दोन हजारांचे शेकडा एकप्रमाणे बारा महिन्यांचे व्याज २४०, आणि वीस गुणिले बारा २४०. हिशेब तंतोतंत जुळतो. ही कार्षापणे म्हणजे जोगळटेंभीला सापडली तशीच रुप्याची नाणी असावीत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. भिक्षूंच्या चीवरांचा खर्च ज्या नाण्यांच्या व्याजातून भागला, तसे नाणे समोर असताना ते नीट दिसावे, एवढी अपेक्षा गैर नव्हे.

चकाकी म्हणजे काय, हे शाळेत शिकलेल्या एका नियमावरून कळते : प्रकाश ज्या कोनात पृष्ठभागावर पडतो, त्याच कोनात परावर्तित होतो. खडबडीत कागदावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो, म्हणून कागद कोठूनही पाहिला तरी सारखाच दिसतो. धातूचा गुळगुळीत भाग मात्र आरशासारखा वागतो. तो प्रकाश एकाच दिशेने परत पाठवितो. त्या दिशेत आपला डोळा किंवा कॅमेरा असेल तर तो भाग पांढरा पडतो, नसेल तर काळाभोर दिसतो. नाणे हे असे शेकडो लहान-लहान आरसे एकत्र जोडून केलेले असते. मोकळा सपाट भाग हा एक आरसा, राजाच्या गालाचा उतार दुसरा, प्रत्येक अक्षराची कड तिसरा. म्हणूनच नाणे हातात किंचित फिरविले की कधी अक्षरे उजळतात, कधी पार्श्वभाग उजळतो.

यातून एक गोष्ट निघते, ती नीट लक्षात घ्यावी. नाण्यावरील चकाकी समूळ काढून टाकणे हा हेतू नव्हे. चकाकी पूर्ण गेली तर धातूचे धातूपणही जाते आणि नाणे राखेच्या गोळीसारखे निर्जीव दिसते. कोणता भाग उजळावा आणि कोणता अंधारात राहावा, हे आपण ठरवावयाचे असते. अक्षर उठावाचे असो की खोलगट, ते सावलीमुळेच वाचता येते. त्यामुळे नाण्याचे छायाचित्र घेताना प्रकाशाइतकीच सावलीची योजना करावी लागते.

पूर्वीच्या संग्रहालयांनी ही अडचण वेगळ्या प्रकारे सोडविली होती. नाण्याचा प्लास्टरमध्ये साचा घेऊन त्या पांढऱ्या, न चकाकणाऱ्या प्रतिकृतीचे छायाचित्र सूचीत छापीत. लेख वाचण्यासाठी ती सोय उत्तम होती, पण धातूचा रंग, गंज, झीज यांची नोंद त्यात राहत नसे. त्याही आधी, जेम्स प्रिन्सेपच्या काळात नाणी हाताने रेखाटून छापली जात. १८३७ च्या सुमारास ब्राह्मी लिपी उलगडली गेली, तेव्हा दोन लिप्यांतील लेख असलेल्या नाण्यांचाही त्या कामी मोठा उपयोग झाला. अशोकाचे शिलालेख आज आपण वाचू शकतो, त्यामागे नाण्यांवरील अक्षरे डोळ्यांत तेल घालून निरखणाऱ्यांचे श्रम आहेत. आपल्या हातातील मोबाइल त्या काळच्या कोणत्याही साधनापेक्षा सरस आहे; उणीव असते ती प्रकाश कोठून यावा याच्या समजेची.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पहिले पथ्य : फ्लॅश बंद. मोबाइलचा फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असतो. नाणे सपाट ठेवून वरून छायाचित्र घेतले की नाण्याचा मोकळा भाग तो प्रकाश सरळ भिंगात परत पाठवितो. पांढरा गोळा दिसतो तो यामुळेच. दुसरे पथ्य, जे सहसा कोणी सांगत नाही, ते असे : कॅमेरा नाण्याच्या बरोबर डोक्यावर असेल तर नाण्याच्या सपाट भागात फक्त वरचे जग दिसते, म्हणजे कॅमेरा, आपला चेहरा, आपला पांढरा सदरा आणि छतावरची ट्यूबलाइट. खोलीतील वरचे दिवे मालवावेत, गडद रंगाचा सदरा घालावा आणि काळ्या कार्डशीटला भिंगापुरते भोक पाडून ती मोबाइलखाली लावावी. एवढ्याने निम्मी चकाकी नाहीशी होते.

उजेडासाठी उत्तरेकडील खिडकी, किंवा जिच्यातून थेट ऊन येत नाही अशी कोणतीही खिडकी, हा सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा दिवा होय. खिडकीपासून हात-दोन हात अंतरावर टेबल ठेवावे आणि खिडकीवर पातळ पांढरे कापड किंवा ट्रेसिंग पेपर लावावा. लहान, उघडा दिवा कडक आणि ठिपक्यासारखी चकाकी देतो. मोठा आणि दुधी झालेला उजेड हीच चकाकी पसरवून सौम्य करतो. नाण्याच्या दुसऱ्या बाजूस पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा उभा केला की सावलीची बाजू फार काळी पडत नाही. मात्र तो तुकडा अति जवळ आणू नये, अन्यथा सावली पुसली जाऊन अक्षरे सपाट होतात. रात्री काम करावयाचे असल्यास टेबललॅम्पपुढे वीतभर अंतरावर ट्रेसिंग पेपर ताणून लावावा. कागद दिव्याला चिकटवू नये, कारण तेव्हा दिवा लहानचा लहानच राहतो, शिवाय जुना बल्ब असेल तर कागद पेटण्याचा धोका.

दिवा कोणत्या बाजूला असावा? घड्याळाची तबकडी कल्पावी आणि मुखवट्याच्या डोक्याशी बारा वाजले असे समजावे. मुख्य प्रकाश दहा ते अकराच्या दिशेने यावा. आपला मेंदू प्रकाश वरून येतो असे गृहीत धरतो. प्रकाश खालून, म्हणजे सहाच्या बाजूने आला, तर उठावाचा चेहरा खड्ड्यासारखा दिसू लागतो आणि खोलगट चिन्ह फुगवट्यासारखे. मौर्यकाळातील आणि त्याआधीच्या आहत नाण्यांवर चिन्हे ठोकून उमटविलेली असल्याने तेथे हा भ्रम फार होतो. सूर्य, वृक्ष, टेकडी ही चिन्हे उलटीपालटी वाटू लागतात. पुसट नाण्याबाबत घाईने निष्कर्ष काढण्यापूर्वी प्रकाश कोणत्या बाजूने होता, हे नेहमी पाहावे.

प्रकाश किती उंचीवरून यावा, हे नाण्याच्या प्रकृतीवर अवलंबून असते. झिजलेले तांब्याचे नाणे, उदाहरणार्थ शिवराई किंवा ढब्बू पैसा, यावर उठाव अगदी कमी उरलेला असतो. तेथे दिवा जवळजवळ टेबलाच्या पातळीत आणावा. पंधरा-वीस अंशांचा तिरपा प्रकाश पुसट अक्षराचीही सावली लांब पाडतो. तिन्हीसांजेच्या उन्हात शेतातील ढेकळांच्या सावल्या लांबतात, तोच हा प्रकार. सातवाहनांची शिशाची नाणी मळकट काळी असतात, त्यांना चकाकीचा त्रास नसतो. मात्र ती प्रकाश गिळून टाकतात, म्हणून तेथे तिरप्या दिव्याच्या जोडीला थर्माकोल जवळ घ्यावा लागतो. याउलट राणीछाप रुपया. त्याची चांदी चांगली राखलेली असेल, तर तिरप्या प्रकाशात राणीच्या मुकुटाची कड जळून पांढरी पडते आणि मोकळा भाग काळा होतो. तेथे दिवा वर, पंचेचाळीस ते साठ अंशांपर्यंत, चढवावा आणि ट्रेसिंग पेपरचा पडदा मोठा करावा.

सर्वांत हट्टी असतात ती टांकसाळीतून नुकतीच आलेली, आरशासारखी नाणी. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९० मध्ये निघालेला एक रुपया कित्येक घरांत जपून ठेवलेला आहे. त्यावरील बाबासाहेबांच्या चेहऱ्याचा उठाव फार उंच नाही, आणि मोकळा भाग चकचकीत. ६ डिसेंबर २०१५ रोजी १२५ व्या जयंतीवर्षानिमित्त दहा रुपयांचे आणि १२५ रुपयांचे अशी दोन नाणी प्रकाशित झाली. त्यांतील दहा रुपयांच्या नाण्याची कडा पिवळ्या धातूची आणि मध्य पांढऱ्या धातूचा असल्याने एका धातूला मानवणारा प्रकाश दुसऱ्याला मानवत नाही. अशा नाण्यांसाठी काचेची युक्ती वापरावी. नाण्याच्या वर, कॅमेऱ्याच्या खाली, एक स्वच्छ पातळ काच पंचेचाळीस अंशांत तिरपी धरावी. फोटोफ्रेमची काच चालते, कडांना चिकटपट्टी लावावी म्हणजे हात कापत नाही. दिवा बाजूने, काचेच्या उंचीवर आडवा ठेवावा. त्याच्या प्रकाशाचा थोडासा अंश काचेवरून वळून सरळ खाली नाण्यावर पडतो आणि नाण्याच्या सपाट भागावरून तसाच सरळ वर, काचेतून आरपार, भिंगात येतो. दिव्याच्या समोरच्या बाजूस काळे कापड टांगावे आणि दिव्याचा थेट प्रकाश नाण्यावर पडू नये म्हणून मध्ये पुठ्ठा धरावा. आता सगळा मोकळा भाग एकसारखा उजळ दिसतो आणि चेहऱ्याचे, अक्षरांचे उतार तेवढे गडद रेषांनी उठून येतात, जणू शाईने काढलेले रेखाचित्र. काचेतून बराच प्रकाश वाया जातो, त्यामुळे छायाचित्रास वेळ अधिक लागतो आणि मोबाइल घट्ट बसविणे आवश्यक ठरते.

पोलरायझर नावाचे गाळणी-भिंग लावले की चकाकी जाते, असे छायाचित्रकार मंडळी सांगतात. ते अर्धेच खरे आहे. काच, पाणी, प्लॅस्टिक यांच्यावरून तिरपा परावर्तित होणारा प्रकाश या गाळणीने बराच अडविता येतो. उघड्या धातूवरील चकाकीवर भिंगापुढील एकट्या पोलरायझरचा परिणाम नगण्य असतो. दिव्यापुढे एक आणि भिंगापुढे त्याला आडवा दुसरा, असे दोन लावले तर धातूचीही चकाकी जाते; पण मघाशी म्हटल्याप्रमाणे नाणे मृतवत दिसते. गंजाचा किंवा डागाचा रंग नोंदवावयाचा असेल तेव्हा हा उपाय योग्य, एरवी पैसे खर्च करू नयेत. प्लॅस्टिकच्या डबीत बंद असलेल्या नाण्यांसाठी तर काळ्या कार्डशीटचाच उपयोग अधिक होतो. दिवा बाजूला असेल, तर डबीच्या सपाट झाकणावर दिसते ते केवळ वरचे प्रतिबिंब, आणि वर सगळे काळे असेल तर झाकण जवळजवळ अदृश्य होते.

मोबाइल हातात धरून छायाचित्र घेऊ नये. दोन सारख्या उंचीच्या पुस्तकांच्या थप्प्या रचून त्यांवर काच किंवा फळी आडवी टाकावी आणि मोबाइल तिच्यावर पालथा ठेवावा. मोबाइल नाण्याला समांतर आहे की नाही हे पाहण्यासाठी नाण्याच्या जागी एक लहान आरसा ठेवावा. पडद्यावर भिंगाचे प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसले की समांतर झाले. थोडा जरी कल असला तर गोल नाणे लंबवर्तुळाकार दिसते आणि एक कड धूसर होते. मोबाइल नाण्याच्या अगदी जवळ नेण्याचा मोह सर्वांना होतो. तसे केल्यास मोबाइलचीच सावली पडते आणि प्रकाश आत शिरण्यास वाव राहत नाही. वीतभर अंतर ठेवून दुप्पट झूमचे भिंग असल्यास ते वापरावे आणि नंतर चित्र कापून घ्यावे. पडद्यावर नाण्याला बोट दाबून धरले की फोकस स्थिर होतो. मग उजेडाची पट्टी किंचित खाली ओढावी. पांढरे पडलेले अक्षर नंतर कोणत्याही उपायाने परत येत नाही, थोडे गडद चित्र मात्र उजळ करता येते. बोटाच्या धक्क्याने मोबाइल हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा.

रंगाबाबत एक सूचना. खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकाच वेळी वापरू नयेत. चांदी एका बाजूने निळसर आणि दुसऱ्या बाजूने सोनेरी दिसते, आणि मग नाणे रुप्याचे की पितळी यावर घरात वाद होतात. नाण्याशेजारी पांढरा कागद किंवा करड्या रंगाचा तुकडा ठेवून एक छायाचित्र आधी घ्यावे, म्हणजे खरा रंग कोणता हे नंतर ताडता येते. नाण्याखाली गडद, बिनचकाकीचे कापड घालावे आणि नाणे बाटलीच्या बुचावर ठेवून थोडे उचलावे. कापडाचे धागे धूसर होतात आणि नाण्याची कड स्पष्ट राहते.

या सर्वांपूर्वीची एक गोष्ट मुद्दाम येथे सांगतो, कारण तिच्यामुळेच सर्वाधिक नुकसान होते. छायाचित्र चांगले यावे म्हणून नाणे घासू नये. आपल्याकडे तांब्या-पितळेची भांडी चिंचेने, राखेने, पितांबरीने लख्ख करण्याची सवय आहे, आणि ती स्वच्छतेची सवय चांगलीच आहे; पण नाणे हे भांडे नव्हे. शेकडो वर्षांत धातूवर जो पातळ थर जमतो तो नाण्याचे संरक्षण करतो, आणि अक्षरांच्या खाचांत बसलेला गडद रंग ती वाचण्यास मदत करतो. घासल्यावर हा थर जातो, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि हजारो बारीक ओरखडे उठतात. असे प्रत्येक ओरखड्यावरून प्रकाश वेगळा परावर्तित होतो, म्हणजे ज्या चकाकीपासून सुटका हवी तीच वाढते. सुटी धूळ मऊ कुंचल्याने हलकेच झटकावी, एवढे पुरे. नाणे कडेने धरावे आणि खाली मऊ कापड पसरलेले असावे.

छायाचित्र एका बाजूचे घेऊन भागत नाही. दोन्ही बाजू, शक्यतो सारख्याच प्रकाशात, आणि एकदा कडही घ्यावी. सोबत मिलिमीटरची पट्टी हवी. पट्टी नसेल तर पडद्यावर नाणे केवढेही दिसू शकते. कनिष्काचे सुवर्णनाणे आणि चवली यांत फरक राहत नाही. कनिष्काच्या त्या विख्यात नाण्यावर एका बाजूस उभी बुद्धमूर्ती आणि ग्रीक लिपीत 'बोद्दो' हा लेख आहे. नाणे बोटाच्या पेराएवढे, पण बुद्धाच्या मानवी प्रतिमेचा तो फार आरंभीचा पुरावा असल्याने जगभरचे अभ्यासक त्याची छायाचित्रे निरखीत असतात : चीवराच्या चुण्या कशा आहेत, हात कोणत्या मुद्रेत आहे. हे सारे काही तिरप्या प्रकाशाने पाडलेल्या केसाएवढ्या सावल्यांवर अवलंबून असते.

वजन मात्र कोणत्याही छायाचित्रात येत नाही, ते वेगळे नोंदवावे लागते. सोनाराच्या काट्यावर ग्रॅमच्या शतांशापर्यंत वजन करून घ्यावे. १८३५ च्या कायद्याने रुपया १८० ग्रेन वजनाचा आणि त्यात १६५ ग्रेन शुद्ध रुपे, असा ठरला. म्हणजे आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम. बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेला ग्रंथ याच रुपयाचे रुपे, त्याची किंमत आणि १८९३ मध्ये टांकसाळी रुप्याला बंद होणे, यांचा ऊहापोह करतो. त्या ग्रंथातील रुपया हा आजीच्या पेटीतील राणीछाप रुपयाच होय. त्याचे वजन ११ ग्रॅमच भरले, तर उरलेला अंश हातोहाती झिजून गेला असे समजावे. मात्र वजन खूपच कमी आणि अक्षरे ताजी असतील, तर नाणे खोटे असण्याचा संशय घ्यावा. व्हॉट्सअॅपवर 'जुनी नाणी लाखोंना घेतो' अशा जाहिराती फिरत असतात. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून शुल्क मागणाऱ्यांविषयी त्या बँकेने २०२१ मध्ये जनतेला सावध केले होते. विकणाऱ्याच्या छायाचित्रात नाण्याचा अर्धा भाग चकाकीत बुडाला असेल, तर ती चकाकी नेमके काय झाकते आहे, असा प्रश्न खरेदीदाराने विचारावा.

ज्या नाण्याचा लेख कशानेच वाचता येत नाही, त्याच्यासाठी शेवटचा उपाय म्हणजे एकाऐवजी बारा छायाचित्रे. मोबाइल आणि नाणे जागचे न हलविता दिवा तबकडीवरील प्रत्येक तासाच्या ठिकाणी नेऊन एकेक छायाचित्र घ्यावे. एका दिशेत 'र' स्पष्ट होतो, दुसरीत 'ञ'. सर्व मिळून शब्द लागतो. मोठ्या संग्रहालयांत हेच काम संगणकाच्या साह्याने करतात आणि मग पडद्यावर प्रकाश हवा तसा फिरविता येतो. आपल्याला बारा चित्रे एकापाठोपाठ सरकवून पाहिली तरी पुष्कळ कळते. पाठविताना ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावीत, नाहीतर मोबाइल ती आवळून बारीक तपशील गाळून टाकतो. सोबत दोन ओळी जोडाव्यात : नाणे कोणाकडून आले, कोणत्या गावी, घरात ते कशासाठी जपले होते. कोणाच्या आजीने ते सुगीच्या मजुरीतून मागे टाकले असेल, कोणाच्या पणजोबांना गिरणीच्या पगारात मिळाले असेल. ही माहिती नाण्यावर कोठेही कोरलेली नसते, आणि सांगणारी माणसे आज हयात आहेत.

नाणे पेटीत नव्हे तर जमिनीत सापडले, तर मार्ग वेगळा आहे. विहीर खणताना किंवा घराचा पाया काढताना असा ठेवा लागल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची लेखी वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. तोवर नाणी हलवू नयेत, वाटून घेऊ नयेत आणि धुऊ तर मुळीच नयेत. ती जेथे, ज्या भांड्यात, ज्या खोलीवर दिसली, तेथेच शेजारी पट्टी ठेवून, सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्रे घ्यावीत. तेथे ट्रेसिंग पेपर लागत नाही की काचही लागत नाही. मातीने माखलेले नाणे चकाकत नाही.